बंदिस्त शेलमागचे बॅकअप: प्रकल्प नोंदी

३ मार्च

अकरा सर्व्हरच्या रात्रीच्या बॅकअपचं काम आजपासून माझ्याकडे आलं. हातात पडलं ते एवढंच: एक बॅकअप मशीन, त्यावर १४० ओळींची एक स्क्रिप्ट, सर्व्हरच्या नावांची यादी आणि रोज पहाटे येणारा एका ओळीचा मेल, 'बॅकअप पूर्ण'. स्क्रिप्टला किमान तिघांचे हात लागलेत, ते इंडेंटेशनवरूनच कळतं.

काम समजून घ्यावं म्हणून पाच नंबरच्या सर्व्हरवरची कालची एक फाइल परत आणायला घेतली. बॅकअपचा फोल्डर उघडला तर सगळ्यात नवी फाइल १९ जानेवारीची. सहा नंबर बघितला, तेच. सात, आठ, नऊ, सगळीकडे १९ जानेवारी. फक्त एक नंबरचा सर्व्हर कालच्या रात्रीपर्यंत ताजा. मेल मात्र दीड महिना रोज 'पूर्ण' म्हणत होता.

४ मार्च

सापडलं. यादी वाचणारं साधं व्हाइल-रीड लूप आहे: एक नाव घ्या, आरसिंक (फाइली उचलून आणणारा प्रोग्राम) चालवा, पुढचं नाव घ्या. हे वर्षानुवर्षं नीट चाललं. २० जानेवारीला कुणीतरी आरसिंकच्या आधी एक ओळ घातली, एसएसएचने (दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे शिरायचा प्रोग्राम) जाऊन पलीकडे डिस्कवर जागा किती उरली ते बघायची. हेतू चांगलाच होता. पण एसएसएच स्वतःच्या स्टँडर्ड इनपुटवर, म्हणजे मजकूर आत यायच्या वाटेवर, येईल ते पलीकडे पाठवण्यासाठी वाचत सुटतो, आणि या लूपच्या आत त्याचं स्टँडर्ड इनपुट म्हणजे आपलीच यादी. पहिल्या सर्व्हरकडे निघाला तो उरलेली दहा नावं गिळूनच. लूपला पुढे वाचायला काही राहिलं नाही, ते निमूटपणे संपलं. एरर नाही, एक्झिट कोड शून्य (म्हणजे 'सगळं ठीक'), मेल 'पूर्ण'.

आरसिंकही आतून एसएसएचच वापरतो, मग आधी का नाही बिघडलं, हा प्रश्न तासभर छळत होता. उत्तर सोपं निघालं: आरसिंक आपल्या एसएसएचला स्वतःचा पाइप (एकाचं आउटपुट दुसऱ्याला देणारी नळी) जोडून देतो, त्यामुळे यादी त्याच्या हाती लागतच नाही.

एसएसएचला डॅश-एन हा पर्याय लावला, म्हणजे त्याचं इनपुट बंद. शिवाय यादी तीन नंबरच्या डिस्क्रिप्टरवरून, म्हणजे वेगळ्या वाटेनं, वाचायला लावली. उद्या कुणी पुन्हा एखादी ओळ घातली तरी यादी सुरक्षित राहील.

५ मार्च

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते खरं. काल रात्री स्क्रिप्ट पहिल्यांदा अकराच्या अकरा सर्व्हरपर्यंत पोचली आणि सात ठिकाणी आपटली. एक, पाच, सहा, सात ठीक. दोन, तीन, चार, आठ, नऊ, दहा, अकरा नापास.

आम्ही झोपलेलो असताना दोन गोष्टी घडल्या होत्या. फेब्रुवारीत एक सुरक्षा तपासणी झाली आणि त्यानंतर प्रत्येक सर्व्हरच्या प्रशासकाने आपापल्या मर्जीनं बॅकअपच्या खात्याचे हातपाय बांधले. कुणी आरबॅश लावला, म्हणजे मोजकंच करू देणारा बंदिस्त शेल (शेल म्हणजे कमांड घेऊन चालवणारा प्रोग्राम), कुणी फक्त एसएफटीपी ठेवलं, म्हणजे नुसती फाइलींची ने-आण. त्याच महिन्यात आमच्या बॅकअप मशीनची लिनक्स डिस्ट्रिब्यूशनही अपग्रेड झाली. म्हणजे दार तिकडून बदललं आणि किल्ली इकडून.

आधी आठ आणि नऊ घेतले, कारण दोघांची तक्रार शब्दशः एक: 'प्रोटोकॉल व्हर्जन मिसमॅच, इज युअर शेल क्लीन?' आणि एक्झिट कोड २. हा संदेश वाचून बहुतेक जण दोन्हीकडच्या आरसिंकच्या आवृत्त्या तपासत बसतात. त्यात काही नसतं. संभाषण सुरू होताना आरसिंक पलीकडून आलेले पहिले चार बाइट प्रोटोकॉलचा क्रमांक म्हणून वाचतो. पलीकडच्या शेलने त्याआधी काहीही बडबड केली, स्वागताचा संदेश असो की बॅश-आरसीमधला (शेल सुरू होताना वाचली जाणारी फाइल) एखादा एको, म्हणजे मजकूर छापायची कमांड, तर त्या बडबडीची पहिली चार अक्षरंच क्रमांक ठरतात.

आरसिंकच्या डीबगमध्ये प्रोटो, म्हणजे प्रोटोकॉलचा तपशील, चालू केलं. पलीकडचा प्रोटोकॉल: १९३६२८७८२८. आपला: ३१. या अवाढव्य आकड्याचा हेक्स (सोळाच्या पायातलं रूप) केला तर ७३ ६९ ६८ ५४ आला. आरसिंक लहान बाइट आधी धरतो, म्हणून उलटं वाचायचं: ५४, ६८, ६९, ७३. आस्की या अक्षर-संकेतात टी, एच, आय, एस. 'धिस'!

एसएफटीपीपुरत्याच बांधलेल्या खात्यावर दुसरं काही चालवायला गेलं की सर्व्हर म्हणतो, 'धिस सर्व्हिस अलाउज एसएफटीपी कनेक्शन्स ओन्ली.' म्हणजे कोडं सुटलं. आठ आणि नऊ दोन्ही एसएफटीपीवाले. दोघांसाठी वेगळी एसएफटीपी स्क्रिप्ट लिहायला घेतली आणि दिवस सार्थकी लागल्याच्या आनंदात घरी गेले.

६ मार्च

आनंद दुपारपर्यंत टिकला. नवी स्क्रिप्ट आठवर झकास चालली. नऊवर एसएफटीपी म्हणाला: 'रिसीव्हड मेसेज टू लाँग १४१६१२८८८३.'

आता असे आकडे दिसले की हेक्स करायची सवयच लागली आहे. ५४ ६८ ६९ ७३. पुन्हा तीच चार अक्षरं. एसएफटीपी मोठा बाइट आधी वाचतो, म्हणून आकडा वेगळा, शब्द तोच: 'धिस'. पण जो सर्व्हर फक्त एसएफटीपीच देतो तो एसएफटीपीला 'धिस' कशाला म्हणेल?

शेवटी जे काल सकाळी करायला हवं होतं ते केलं. एसएसएचने पलीकडे फक्त 'ट्रू' (काहीच न करता यश कळवणारी कमांड) चालवायचं, येईल ते आउटपुट फाइलमध्ये घ्यायचं, आणि फाइल शून्य बाइटची आहे का ते बघायचं. आरसिंकच्या मॅन्युअलमध्ये हीच चाचणी सांगितली आहे. फाइलमध्ये होतं: 'धिस अकाउंट इज करंटली नॉट अव्हेलेबल.' हे नोलॉगिनचं वाक्य, म्हणजे शेलच्या जागी बसवलेल्या, आत येऊ न देणाऱ्या प्रोग्रामचं. नऊ नंबरवर खात्याचा शेलच काढून घेतला होता. दोन वेगळे संदेश, सुरुवातीचा शब्द एक, आणि मी चार बाइट वाचून पूर्ण वाक्य ओळखल्याच्या थाटात होते.

त्यांच्या प्रशासकांना फोन केला. म्हणाले, "अहो, ते खातं ३० दिवस कुणी वापरलंच नाही ना, म्हणून आपोआप बंद झालं. नवा नियम आहे." बरोबरच आहे. आमचं लूप २० जानेवारीपासून त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं. आमचीच चूक आमच्याकडे परत आली. ओशाळून माफी मागितली.

७ मार्च

नऊचं खातं पुन्हा चालू झालं. विनंतीवरून त्यांनी ऑथोराइज्ड-कीजमध्ये (पासवर्डऐवजी चालणाऱ्या किल्ल्यांची फाइल) किल्लीपुढे 'रेस्ट्रिक्ट' लिहून सक्तीची कमांड म्हणून फक्त-वाचन आरआरसिंक (आरसिंकला एकाच फोल्डरापुरतं बांधणारी स्क्रिप्ट) बांधला. 'रेस्ट्रिक्ट' हा पर्याय ओपनएसएसएच ७.२ पासून, म्हणजे २०१६ पासून आहे. टर्मिनल, पोर्ट फॉरवर्डिंग, एजंट फॉरवर्डिंग सगळं एका शब्दात बंद होतं. माझ्या मते बॅकअपच्या खात्याला बांधायची हीच नीट पद्धत. अख्खा शेल आवळण्यापेक्षा एका किल्लीला एकच काम द्यावं.

१० मार्च

दोन आणि तीन. इथे आरबॅश आहे. त्याचे नियम थोडक्यात: फोल्डर बदलता येत नाही, कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी बदलता येत नाही, कमांडच्या नावात तिरकी रेघ चालत नाही, आणि मोठ्या-पेक्षा चिन्हाने आउटपुट फाइलमध्ये वळवता येत नाही. आमची स्क्रिप्ट यातले दोन नियम मोडत होती. आरसिंकचा तिरक्या रेघांसकट पूर्ण पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता, दिलेला होता, तो काढून नुसतं 'आरसिंक' ठेवलं. त्यांनी खात्यासाठी वेगळा बिन, म्हणजे प्रोग्रामांचा, फोल्डर केलाय, त्यात ते आहे.

दुसरं जरा जास्त किचकट. स्क्रिप्ट पलीकडे पीजी-डंप (पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेसची प्रत काढणारा प्रोग्राम) चालवून डंप तिथल्याच टेंप फोल्डरमध्ये वळवायची आणि मग उचलायची. आरबॅशने 'रेस्ट्रिक्टेड: कॅनॉट रीडायरेक्ट आउटपुट' म्हणून तोंडावर दार लावलं. उपाय सरळ: वळवायचं काम आपल्या बाजूला आणायचं. पलीकडे फक्त पीजी-डंप, त्याचं आउटपुट एसएसएचमधून इकडे, इथे जीझिप (दाबून लहान करणारा प्रोग्राम), इथेच फाइल. यात पलीकडे डंपची प्रत पडून राहत नाही, म्हणजे हे आधीपेक्षाही बरं. हातानं चालवून बघितलं, ३१२ एमबीची फाइल आली. क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रामला, जोडलं.

जाता जाता: आरबॅशला भिंत समजू नये. त्या बिन फोल्डरमध्ये कुणी एखादा एडिटर टाकला की त्यातून साधा शेल उघडता येतो. आणि आरबॅशमधून शेल-स्क्रिप्ट चालवली तर ती चालवणाऱ्या शेलवर ही बंधनं नसतात. ते कुंपण आहे, गुरं आत ठेवण्यापुरतं.

११ मार्च

सकाळी मेल: दोन ठीक, तीन ठीक. पण ३ तारखेपासून 'ठीक' या शब्दावरचा विश्वास उडालाय, म्हणून फाइलचा आकार बघितला.

२० बाइट.

दोन्ही फाइली नेमक्या २० बाइट. जीझिपला काहीच दिलं नाही तरी तो हेडर आणि शेवटची चेकसम लिहून एक वैध, पूर्णपणे रिकामी फाइल बनवतो. ती २० बाइटची असते. जीझिपची तपासणी केली तरी ती पास होते, कारण रिकामेपणात खोट काहीच नसते.

कारणांची साखळी अशी. हातानं चालवलं तेव्हा माझ्या सेशनमध्ये एसएसएच एजंट होता आणि किल्ली त्याच्याकडून मिळत होती. क्रॉनच्या वातावरणात एजंटचा पत्ताच नसतो. एसएसएच २५५ घेऊन पडला. पण पाइपमध्ये निकाल शेवटच्या कमांडचा धरला जातो, आणि शेवटी होता जीझिप. त्याला शून्य बाइट मिळाले, ते त्यानं इमानेइतबारे दाबून ठेवले आणि शून्य परत केला.

आता केलेलं: किल्लीची फाइल स्पष्टपणे दिली. बॅचमोड चालू, म्हणजे पासवर्ड विचारत ताटकळणं नाही. पाइपफेल चालू, म्हणजे पाइपमधली कुठलीही कमांड पडली तरी निकाल नापास. इथे आणखी एक ठेच लागली, स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत 'एसएच' होतं, आमच्या मशीनवर एसएच म्हणजे डॅश नावाचा शेल, आणि तिथल्या डॅशला पाइपफेल माहीत नाही. पहिली ओळ बदलून बॅश केली. फाइल आधी '.पार्ट' नावाने लिहायची आणि सगळं जमलं तरच खरं नाव द्यायचं. शेवटी, उघडलेल्या डंपच्या शेवटच्या काही ओळींत 'पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेस डंप कम्प्लीट' हे वाक्य आहे का बघायचं. पीजी-डंप साध्या मजकुराच्या रूपात डंप करतो तेव्हा ते काम पुरं झाल्यावरच लिहितो. इतक्या सगळ्यात मला हीच तपासणी सगळ्यात खात्रीची वाटते, कारण तिला आपल्या स्क्रिप्टचं मत विचारावं लागत नाही.

१२ मार्च

चार नंबर: कोड १२७, कमांड सापडली नाही. तिथल्या अपग्रेडनंतर आरआरसिंकची जागा बदलली. जुन्या डेबियनमध्ये (लिनक्सची एक डिस्ट्रिब्यूशन) तो दस्तऐवजांच्या फोल्डरात उदाहरण म्हणून पडलेला असायचा, आता मुख्य बिनमध्ये असतो. ऑथोराइज्ड-कीजमध्ये मात्र जुनाच पाथ. दुरुस्ती तिकडच्याच माणसाला करावी लागली, पाच मिनिटांचं काम.

त्याच ओघात मी सगळ्या आरआरसिंकवाल्या सर्व्हरांचे पाथ 'नीट' करून ठेवले, म्हणजे पूर्ण लिहिले. पाचही बंद पडले. आरआरसिंकसाठी मूळ फोल्डर म्हणजे त्याला बांधून दिलेला फोल्डर. तिरक्या रेघेपासून सुरू होणारा पाथ तो त्याच्यापुढे जोडतो. मी 'एसआरव्ही/डेटा' पूर्ण लिहिलं आणि तो 'एसआरव्ही/डेटा/एसआरव्ही/डेटा' शोधत राहिला. वर जायला दोन टिंबं दिली तर सरळ नकार देतो. नुसती एक तिरकी रेघ पुरते. सगळे पाथ परत उलटवले.

१३ मार्च

दहा नंबर. हा म्हातारा आहे. आमचं नवं एसएसएच त्याला पाहून म्हणतं, जुळणारी होस्ट-की (सर्व्हरची ओळख पटवणारी किल्ली) नाही, समोरचा फक्त एसएसएच-आरएसए देतोय. ओपनएसएसएच ८.८ पासून, म्हणजे २०२१ पासून, शा-१ या जुन्या, कमकुवत पद्धतीवरच्या आरएसए सह्या मूळ सेटिंगमध्ये बंद आहेत. त्या एका सर्व्हरपुरता अपवाद कॉन्फिगमध्ये लिहिला, सगळ्यांसाठी नाही. आत गेलो तर खात्याचा शेल आरएसएसएच.

हे नाव बघून जरा दचकायलाच झालं. एससीपी (एसएसएचवरून फाइल उचलणं), एसएफटीपी, आरसिंक एवढंच करू देणारा हा शेल एके काळी सगळीकडे असायचा. २००८ मध्ये आरसिंक ३ आला आणि सर्व्हरच्या बाजूला आपल्या क्षमता डॅश-ई या पर्यायात घालून पाठवू लागला. आरएसएसएचच्या लेखी डॅश-ई म्हणजे 'दुसरा प्रोग्राम चालव', म्हणून तो थेट हाकलून द्यायचा. मग पॅचेस आले. २०१९ मध्ये त्यात अशा त्रुटी सापडल्या की एससीपी आणि आरसिंकच्या पर्यायांतूनच हवी ती कमांड चालवता यायची, म्हणजे ज्यासाठी तो होता तेच मोडलं. देखभाल करणारं कुणी उरलं नव्हतं, डेबियन १० मधून तो काढूनच टाकला.

अपवादानंतर बॅकअप खरं तर चालला. तरीही तिकडच्या प्रशासकांना फोन केला.

"चालतंय ना? मग कशाला हात लावताय ताई?"

"चालतंय म्हणूनच. बंद पडलं असतं तर तुम्हीच काढलं असतं."

हसले. पुढच्या आठवड्यात मशीनच बदलतो म्हणाले. तोवर खात्याला साधा शेल आणि किल्लीला आरआरसिंक.

अकरा नंबर: नेटवर्कचं एक उपकरण, त्यातून कॉन्फिगची एकच फाइल एससीपीने घ्यायची. ओपनएसएसएच ९.० पासून एससीपी आतून एसएफटीपी वापरतो आणि या उपकरणाला एसएफटीपी येत नाही. कॅपिटल ओ लावून जुना प्रोटोकॉल मागितला. झालं.

१५ मार्च

रात्री काहीच चाललं नाही. काहीच नाही. लॉगच नाही. काल क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या कामांची यादी) ओळीत लॉगच्या नावात तारीख घातली होती, आणि तारखेच्या फॉरमॅटमध्ये टक्क्याचं चिन्ह असतं. क्रॉनटॅबमध्ये टक्का म्हणजे ओळ संपली, पुढचं सगळं स्टँडर्ड इनपुट. हे मला दहा वर्षांपासून माहीत आहे. तारीख स्क्रिप्टच्या आत नेली.

२१ मार्च

सहा रात्री अकरापैकी अकरा. आता परत आणून बघायचं.

डेटाबेसचे दोन्ही डंप रिकाम्या मशीनवर व्यवस्थित उतरले. फाइली मात्र नाहीत. पाच नंबरचा डेटा परत ठेवला तर प्रत्येक फाइलची मालकी बॅकअपच्या खात्याकडे. आमच्याकडचा आरसिंक रूट (सर्वाधिकारी खातं) म्हणून चालत नाही, त्यामुळे मूळ मालक लावायचा अधिकारच त्याला नाही, आणि तो याबद्दल अवाक्षर काढत नाही. आपल्या बाजूला आरसिंकला फेक-सुपर हा पर्याय लावला. आता मालकी आणि परवानग्या फाइलच्या विस्तारित गुणधर्मांत लिहून ठेवल्या जातात, आणि परत आणताना तिथून वाचल्या जातात.

त्याहून वाईट: काही फाइली मुळात नव्हत्याच. पलीकडचं खातं त्या वाचू शकत नव्हतं. आरसिंक अशा वेळी कोड २३ देतो, काही फाइली राहून गेल्या म्हणून. स्क्रिप्टमध्ये आरसिंकच्या ओळीला शेवटी 'नाहीतर ट्रू' जोडलेलं सापडलं, म्हणजे काहीही बिघडलं तरी निकाल 'ठीक'. कारण उघड होतं, कोड २४ मुळे रोज रात्री मेल यायचा. २४ म्हणजे यादी केल्यानंतर आणि उचलण्याआधी फाइल नाहीशी झाली. चालत्या सर्व्हरवर हे व्हायचंच, त्याकडे दुर्लक्ष केलं तर चालतं. पण २४ ला गप्प करताना २३ चंही तोंड दाबलं गेलं. आता फक्त २४ माफ.

वाचायच्या अधिकारासाठी पाच नंबरच्या प्रशासकांनी रूटच्या किल्लीवर फक्त-वाचन आरआरसिंक बांधला आणि रूटचं लॉगिन 'फोर्स्ड-कमांड्स-ओन्ली'वर ठेवलं. म्हणजे सक्तीची कमांड बांधलेल्या किल्लीशिवाय रूटला एसएसएचनं आत येताच येत नाही. बाकीच्यांशी बोलणं चालू आहे. रूट शब्द ऐकून दोघं गप्प झालेत, त्यांना चूक म्हणवत नाही.

२४ मार्च

नऊ नंबरकडून आपोआप आलेला मेल: 'हे खातं १७ दिवस वापरलेलं नाही. ३० दिवसांनी बंद होईल.'

क्रॉनटॅब बिघडला ती रात्र सोडली तर आमचा बॅकअप ७ तारखेपासून तिथे रोज रात्री जातोय. लॉग समोर आहे, रोज काही जीबी येतात. फोन केला, त्यांनी शेवटच्या लॉगिनची नोंद काढून वाचून दाखवली: ७ मार्च. त्या दिवशी खातं चालू झालंय का बघायला त्यांच्याच माणसानं टर्मिनलवरून लॉगिन केलं होतं. त्यांचा नियम लास्टलॉग (शेवटच्या लॉगिनची नोंदवही) बघतो, आणि तिथल्या मांडणीत एसएसएचडी (सर्व्हरकडचा एसएसएच) लास्टलॉगमध्ये नोंद करतो ती टर्मिनल घेऊन झालेल्या लॉगिनची. टर्मिनलविना चाललेली कमांड त्यात येत नाही. आणि 'रेस्ट्रिक्ट' लावलेल्या आमच्या किल्लीला टर्मिनल मिळूच शकत नाही.

म्हणजे फेब्रुवारीत ते खातं बंद पडलं त्यात आमच्या लूपचा काही संबंध नव्हता. लूप धडधाकट असतं तरी नवा नियम आल्यावर ते बंद झालंच असतं. ६ तारखेला मागितलेली माफी फुकट गेली.

खातं नियमातून वगळायची लेखी विनंती पाठवली आहे. उत्तर येईपर्यंत कॅलेंडरवर ५ एप्रिलला खूण.